वहीत नसलेली अमावस्या

"हात काढ! हात काढ आधी माझ्या टोपलीतनं! आज अवस हाय, मेल्या, अवस!"

भाऊच्या धक्क्यावर ही आरोळी अशी फुटली की रेवसच्या लाँचमध्ये चढणारे प्रवासीसुद्धा आपापले हात तपासू लागले. पण हात माझा होता. त्या हातात एक चिंबोरी होती, दुसऱ्या हातात कचेरीनं दिलेलं दोन जबड्यांचं स्टीलचं माप होतं आणि समोर कोयता घेऊन हिराबाई उभी होती. नोकरीचा माझा पहिला दिवस. अजून पहिलं माप वहीत उतरलं नव्हतं आणि मी शहीद व्हायच्या बेतात होतो.

"सरकारी काम आहे," मी म्हणालो. हे वाक्य त्या धक्क्यावर मी पहिल्यांदा आणि शेवटचं उच्चारलं.

"सरकारला सांग, पुनवेला ये! अवसेची चिंबोरी भरलेली असते. लोखंड लावलंस तं मास पानी होतं तिचं. पुनवेची पोकल असते. तिला मांडीवर घेऊन बस, माप घे, बारसं कर, मी काय बोलनार नाय."

मी चिंबोरी टोपलीत ठेवली. म्हणजे ठेवण्याचा प्रयत्न केला. तिनं मला सोडायला आणखी पाच मिनिटं घेतली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'तुमच्या खात्यातल्या रंजक आठवणी' मागितल्या तेव्हा मी आधी हसलो. माझ्या खात्यात रंजक असं काही नसतं असा माझ्या बायकोचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे. मी मत्स्य खात्यात खेकडे मोजायचो. आमच्या मालवणी घरात त्यांना कुर्ल्या म्हणतात, धक्क्यावर चिंबोऱ्या, आणि कचेरीच्या अहवालात खेकडे. प्राणी एकच, चिमटा एकच. भोईवाड्यातनं सकाळी निघायचं, धक्क्यावर होड्या लागल्या की टोपल्यांतल्या चिंबोऱ्या उचलायच्या, पाठीची रुंदी मापायची, नर की मादी, पोटाला अंडी आहेत का, सगळं वहीत लिहायचं. मी मोजलेल्या चिंबोऱ्या एकीला एक लावून मांडल्या तर लालबागपासून थेट चंद्रापर्यंत रांग जाईल. वाटेत एक-दोन कमी पडल्या तर माझी जबाबदारी.

लोक विचारायचे, "पण कशाला?"

सांगतो. समुद्रात चिंबोऱ्या किती आहेत हे कोणीही मोजू शकत नाही. पाण्यात उतरून हजेरी घेता येत नाही. मग जाळ्यात आलेल्यांवरून न आलेल्यांचा अंदाज बांधायचा. आमच्या चाळीत कुणाकडे सत्यनारायण असला की दारातल्या चपला बघून आत माणसं किती, पोरं किती, म्हातारी किती, हे जिन्यातूनच कळायचं ना? तसंच. मी आयुष्यभर दर्याच्या दारातल्या चपला मोजल्या.

त्यात चिंबोरीची एक खोड आहे. माशाच्या कानात एक खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं असतात. मासा मेल्यावर का होईना, खरं वय सांगतो. चिंबोरी सांगत नाही. ती वाढायला लागली की जुनं कवच टाकून देते आणि त्याच्याबरोबर वयाचा सगळा पुरावाही टाकून देते. दरवेळी कोरी करकरीत. म्हणून तिची फक्त रुंदी मापायची आणि रुंदीवरून तिचा सगळा जन्म ओळखायचा.

एकदा तर एका नर चिंबोरीनं माझं माप असं धरलं की सुटेना. मी माप पिशवीत घातलं, त्याच्यासकट बसमध्ये चढलो. भायखळ्याला पिशवीतून एक नांगी बाहेर आली. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट?" मी म्हटलं, "मांडीवर बसलाय." तो म्हणाला, "उंची मोजा, मग ठरवू." आणि माप तर चिंबोरीच्याच ताब्यात! तो कंडक्टर आता हयात नाही, म्हणून ही गोष्ट मी बिनधास्त सांगू शकतो.

तर अशा वह्या मी भरत गेलो. कचेरीच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात त्या रचल्या जात. उघडलं की सुक्या मासळीच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटे. वर्षाकाठी कोणी तरी त्यांची सरासरी काढी, अहवालात एक ओळ येई आणि कपाट पुन्हा बंद. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा आयरिस मॅडम आल्या.

आयरिस मॅडम म्हणजे शास्त्रज्ञ. फणसवाडीजवळच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, चिडल्या की मात्र इंग्रजीत शिरायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कपाट उघडलं, नाक न दाबता पहिली वही काढली आणि म्हणाल्या, "काका, हे सगळं तुम्ही एकट्यानं मोजलंय?"

मला वाटलं, आता चूक काढणार. मी म्हणालो, "हो. का?"

"सोनं आहे हे," त्या म्हणाल्या.

सत्तावीस वर्षांत त्या कपाटाला कोणी सोनं म्हटलं नव्हतं. वासामुळे असेल.

मग मी वाचायचं आणि त्यांनी कॉम्प्युटरमध्ये भरायचं असं सुरू झालं. त्यांच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. तिकडे बर्फाळ समुद्रांत खेकडे धरतात, तिथल्या शास्त्रज्ञांनी खास खेकड्यांच्या साठ्याचा अंदाज बांधायला लिहिलेलं. मी विचारलं, "केवढ्याला पडलं?"

"फुकट."

मी दार लोटून घेतलं. "मॅडम, चोरीचं आहे का?"

"नाही हो काका. उघडं आहे. कोणीही घ्या, वापरा. आत कसं लिहिलंय तेही वाचा. चूक सापडली तर त्यांना कळवा, ते दुरुस्त करतात आणि वर आभार मानतात."

हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला. आमच्या गिरणगावात माशाच्या मसाल्याचं प्रमाण सासू सुनेला सांगत नाही. सांगितलंच तर एक जिन्नस गाळून सांगते. माझ्या आईनं तिरफळांचा आकडा कोणाला सांगितला नाही, बरोबर घेऊन गेली. आणि इथे जगाच्या टोकावरची माणसं अख्खी कढई चुलीसकट पुढे करून म्हणत होती, घ्या, मीठ जास्त वाटलं तर सांगा, आम्ही आमच्या कढईतलंही कमी करू!

आणि ते सॉफ्टवेअर करायचं काय? ऐका. ते आपल्या पोटात एक खोटा समुद्र तयार करी. त्यात खोट्या चिंबोऱ्या जन्माला घाली. त्या कवच टाकत, मोठ्या होत, काही आपल्या मरणानं मरत, काही खोट्या जाळ्यात सापडत. मग ती खोटी टोपली माझ्या वहीतल्या खऱ्या टोपलीशी लावून बघायची. जुळत नाही? मोड समुद्र. जन्म थोडे कमी कर, मरण थोडं वाढव, कर दुसरा. ब्रह्मदेव एका जगासाठी केवढा काळ घेतो, आणि ह्यानं माझा चहा निवायच्या आत हजारभर समुद्र मांडले आणि पसंत नाहीत म्हणून पुसून टाकले. शेवटी जो उरला त्यातली टोपली हिराबाईच्या टोपलीसारखी दिसत होती. पडद्यावर मापांचा एक डोंगर उभा राहिला. माझ्या सत्तावीस वर्षांच्या सकाळी त्या डोंगरात होत्या. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही. बसून बघण्यासारखं ते नव्हतं.

डोंगराला डावा, बारीक चिंबोऱ्यांकडचा उतार छान होता. उजवीकडे, मोठ्यांच्या बाजूला, मात्र एकदम कडा.

"काका," आयरिस मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मोठ्या चिंबोऱ्या नाहीतच. वाढायच्या आत सगळ्या धरल्या जाताहेत. साठा संपत आलाय."

पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. अहवाल वर जाणार. वरून चिंबोरीच्या जाळ्यांवर बंदी येणार, निदान सबंध हंगामभर. हिराबाईच्या मुलाची होडी फक्त चिंबोरीची. ती खुंटाला बांधली की त्या घराची चूलही बांधली. आणि माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते कबूल करतो. मला आधी अभिमान वाटला. माझ्या वह्यांनी अख्खा धक्का थांबणार होता! अभिमान कपाटाला कुलूप लावेपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी मी हिराबाईच्या टोपलीकडे न जाता बर्फाच्या गाड्यांमागून वळसा घालून गेलो. चिंबोरीसारखा, आडवा.

अहवाल सोमवारी जायचा होता. शुक्रवारी मॅडमनी मला बोलावलं. सॉफ्टवेअर एके ठिकाणी अडखळत होतं, म्हणून त्यांनी ते लिहिणाऱ्यांच्या सार्वजनिक पानावर माझ्या मापांचे तक्ते टाकून प्रश्न विचारला होता. उत्तर आलं होतं. लिहिणारा कोण? नाव इतकं बर्फाळ की आमच्या जिभेला चिकटे, म्हणून आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. अण्णांनी मुंबई पाहिली नव्हती, मला पाहिलं नव्हतं, आमचं कोडं सोडवायचा पगार तर कोणी देतच नव्हतं. मॅडम पत्राचं मराठी करून वाचू लागल्या.

"'तुमचा मोजणारा माणूस वक्तशीर आहे. मला तो आवडला.'"

मी कॉलर सारखी केली.

"'त्याला शून्य आणि पाच हे आकडे जरा जास्तच आवडतात.'"

मी पंख्याकडे बघू लागलो. सकाळी घाई असते. एकशे तीन मिलिमीटरची एकशे पाच होते. चिंबोरीनं कधी तक्रार केली नाही.

"'पण एक विचारायचं होतं. दर महिन्याला हा माणूस दोन-तीन दिवस गायब असतो. सुट्टी म्हणावी तर वार दरवेळी वेगळा, तारीख वेगळी. मात्र दोन गायब होण्यांमधलं अंतर सत्तावीस वर्षं तेवढंच आहे. मी तुमच्या बंदराच्या भरती-ओहोटीचा तक्ता शेजारी ठेवून पाहिला. हा माणूस अमावस्येला कुठे जातो?'"

वाचकहो, माझ्या दंडावर काटा आला तो अजून पूर्ण बसलेला नाही. शेजारच्या खोलीतल्या माझ्या साहेबांना सत्तावीस वर्षांत जे दिसलं नाही, घरी बायकोला ज्याचा पत्ता नव्हता, ते एका माणसानं बर्फात बसून नुसत्या आकड्यांच्या फटींतून बघितलं होतं. मी धक्क्यावर चिंबोऱ्या मोजत होतो आणि माझ्या वह्यांत त्याला चंद्र उगवताना-मावळताना दिसला होता. मी देवळात बऱ्याचदा गेलोय, पण कोणीतरी आपल्याला खरंच बघतंय असं मला वाटलं ते त्या शुक्रवारी, कचेरीत, ट्यूबलाइटखाली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "अमावस्येला कुठे असता तुम्ही?"

मी आधी गुडघा सांगितला. मग उपास सांगितला. मग एका लांबच्या मामाचा देव सांगितला. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मग मी हिराबाई सांगितली. पहिला दिवस, कोयता, तिच्यामागून सगळ्या धक्क्याची तीच रीत, आणि त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांतल्या तीनशेच्या वर अमावस्या, ज्यांच्या आगेमागचे दोन-तीन दिवस मी कपाटाजवळ बसून आधीच्या मापांची बेरीज करत असे. वेळ वाया जाऊ नये म्हणून!

"अमावस्येला चिंबोरी वेगळी असते का?"

"दर चांगला मिळतो मॅडम, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत होड्या लांबच्या खोल पाण्यात जातात. एरवी तेवढं डिझेल जाळायला परवडत नाही. मोठी चिंबोरी तिकडेच." हे बोलता बोलता माझ्याच कानांनी मी ऐकलं. मोठ्या चिंबोऱ्या संपल्या नव्हत्या. मी चाळीच्या चपला मोजायला रोज भर दुपारी जात होतो, नोकरीवाले कामावर असताना, आणि चाळीत कर्ता पुरुषच उरला नाही असं लिहून देत होतो.

मॅडम चिडल्या असत्या, इंग्रजीत शिरल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या, साहेबांच्या टेबलावर गेलेला अहवाल स्वतः परत घेऊन आल्या. साहेबांना काय म्हणाल्या मला माहीत नाही, पण बाहेर आल्या तेव्हा कान लाल होते. "'दिसल्या नाहीत' आणि 'नाहीत' यात फरक आहे," त्या म्हणाल्या. "तीन महिने मागून घेतलेत. तीन अमावस्या मोजायच्या. एक जरी चुकली तरी हाच अहवाल जाणार."

आता प्रश्न हिराबाईचा.

मी गेलो. बर्फाच्या गाड्यांमागून नाही, सरळ गेलो.

"हिराबाय, पुढच्या अवसेला मला मापं घेऊ दे."

"कोयता खालीच हाय," ती म्हणाली.

"तुझ्या पोराची होडी बांधून ठेवतील गं. माझ्या वहीत मोठी चिंबोरीच नाही. वरच्यांना वाटतं, दर्यात उरलीच नाही."

तिनं हातातली चिंबोरी तशीच धरून ठेवली. "नाय म्हंजे? मंग अवसेला हिकडे लोक काय माझा चेहरा बघाया येतात?"

"तेच लिहायचंय मला."

तिनं चिंबोरी टोपलीत ठेवली, वर ओलं फडकं घट्ट खोचलं. मग म्हणाली, "लोखंड नाय लावायचा. माझ्या सासूनं लावू दिला नाय, मीपन देनार नाय. होडी राहो नायतर जावो."

ह्यावर वाद घालणारे बरेच शहाणे मला माहीत आहेत. ते कधी चिंबोरीला हात लावत नाहीत. मी तडक लालबागला गेलो. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीखालचे पाट आणि आतले लाकडी सांगाडे करणारा एक म्हातारा सुतार माझ्या ओळखीचा. त्याच्यापुढे स्टीलचं माप ठेवलं. "हे असंच्या असं, लाकडात करून दे. खिळासुद्धा नको." त्यानं ते उलटसुलट केलं आणि विचारलं, "कुठल्या गणपतीची सोंड एवढी बारीक?" मी म्हटलं, "चिंबोरीची पाठ मापायचीय." त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पण काम केलं. सागवानी जबडे, बांबूच्या खुंट्या, कोरून काढलेल्या रेघा. मॅडमनी ते स्टीलच्या मापाशी ताडून पाहिलं. केसाचा फरक नाही. त्या म्हाताऱ्यानं शून्य आणि पाचाला जरासुद्धा झुकतं माप दिलं नव्हतं.

अमावस्येच्या सकाळी मी ते हिराबाईपुढे धरलं. तिनं हुंगलं. नखानं टोकरलं. "लाकूड हाय," ती म्हणाली, आणि टोपलीवरचं ओलं फडकं काढलं.

देवा! मी सत्तावीस वर्षं ज्यांच्या चपला मोजल्या ते मालक समोर बसले होते. एकेक चिंबोरी पूजेच्या ताटाएवढी. नांग्या अशा की पैलवानानं दंड चोळावेत. पाठ काळपट हिरवी, त्यावर अजून खोल पाण्याचा गारवा. एकीला उचलायला मला दोन्ही हात लागले, एकीला मॅडमनी खालून आधार दिला, आणि एकीनं तर आम्हा दोघांनाच उचललं असतं, पण हिराबाईनं दटावलं म्हणून राहिली. मॅडम लिहीत होत्या आणि मी आकडे ओरडत होतो. एकशे अडुसष्ट! एकशे त्र्याहत्तर! एकही शून्य नाही, एकही पाच नाही. मुद्दाम!

तीन अमावस्या झाल्या. तिसऱ्या वेळी धुवांधार पाऊस होता, हिराबाईनं टोपलीवर धरायची छत्री माझ्यावर धरली, मापावर पाणी नको म्हणून.

मॅडमनी सॉफ्टवेअरला सगळं खरंखरं सांगितलं: ह्या दिवशी माणूस हजर नव्हता, ह्या पाण्यात त्यानं कधी पाहिलेलंच नाही, आणि हे आता पाहिलेलं. पुन्हा समुद्र मांडले गेले, मोडले गेले. ह्या वेळी डोंगराचा उजवा कडा हलला, खाली उतरत गेला, आणि त्याला लांब, सुंदर शेपूट फुटलं. सगळं गोडच झालं असं नाही. किनाऱ्याजवळची बारीक चिंबोरी खरंच घटत होती. अंडीवाली मादी परत पाण्यात सोडा, जाळ्याची आस म्हणजे भोकं मोठी करा, असं अहवालात गेलं. पण होड्या बांधा असं गेलं नाही. आणि माझ्या गेलेल्या तीनशे अमावस्या मात्र गेल्या त्या गेल्याच. त्या दिवशी दर्यात काय होतं हे आता कोणाचंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. ती चूक माझी आहे, तिची बोच मी निवृत्तीबरोबर घरी आणली.

महिन्याभरानं मॅडमनी मला एक कागद छापून दिला. अण्णांनी सॉफ्टवेअरमध्ये एक नवी तपासणी घातली होती. आता जगात कुठल्याही किनाऱ्यावर कोणी खेकड्यांची मापं त्यात भरली की ते आधी चंद्राच्या कला लावून बघतं आणि विचारतं, तुमचा माणूस काही ठरावीक दिवशी गैरहजर असतो का? खाली आभारांच्या यादीत, मोठमोठ्या डॉक्टरांच्या मधोमध, माझं नाव लिहिलं होतं: दत्ताराम, मुंबई.

तो कागद घेऊन मी धक्क्यावर धावलो. टोपलीशेजारी उकिडवा बसलो आणि हिराबाईला सगळं सांगितलं. फुकटची कढई सांगितली, हजार समुद्र सांगितले, बर्फातले अण्णा सांगितले. म्हटलं, "विचार कर हिराबाय! ज्या माणसानं तुला पाहिलं नाही, तुझी टोपली पाहिली नाही, त्यानं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसून नुसत्या आकड्यांवरून ओळखलं, की इथे कोणीतरी अमावस्येला चिंबोरीला हात लावू देत नाही! केवढी ही अक्कल! केवढा हा चमत्कार!"

हिराबाईनं एका चिंबोरीच्या नांग्या सुतळीनं बांधल्या, गाठ दातानं आवळली, आणि ती बाजूला ठेवली.

"मी पयल्याच दिवशी सांगितला होता," ती म्हणाली.